खंडेनवमीचा स्वार

३ ऑगस्ट, रविवार

नोकरीत होतो तोवर हजेरीपट सोडून मी हातानं फारसं काही लिहिलं नाही. पी.टी. मास्तरला शिट्टी पुरते. पण आज ही वही उघडली, कारण एका मोहिमेला हात घातलाय, आणि मोहीम म्हटली की तिची नोंद हवी.

दसऱ्यात आमच्या इतिहास मंडळाचं प्रदर्शन आहे. म्हैसूरच्या जुन्या घोडदळात जी मराठी घराणी होती त्यांच्या घरातल्या वस्तू मांडायच्या. मंडळाचे चिटणीस नरसिंहमूर्ती, निवृत्त प्राध्यापक, सकाळच्या फिरण्यातले माझे सोबती. आजच्या बैठकीत एकेक जण आपल्याकडे काय आहे ते सांगत होता. कुणाकडे तलवार, कुणाकडे खोगीर. सरगूरहून माझे चुलतभाऊ मानाजीराव आले होते. पंच्यात गुंडाळून भाल्याचं पातं आणलं होतं त्यांनी. माझी पाळी आली तेव्हा तेच मोठ्यानं म्हणाले, "सयाजीकडं काय असणार? एक रिकीब. तीबी एकाच पायाची."

सगळे हसले. मीही हसलो, पण आतून पेटलो. ताड्कन उभा राहिलो आणि म्हणालो, "रिकिबीबरोबर स्वारही आणतो. आमचे मूळ पुरुष भुजंगराव, घोड्यावर उभे, भर दरबारासमोर. हातानं रंगवलेलं जुनं छापील चित्र आहे घरात."

हसणं थांबलं. फार बरं वाटलं.

५ ऑगस्ट

चित्राचं वर्णन इथं करून ठेवतो.

देवघराच्या भिंतीवर आहे, काच नाही. मध्ये गोल मैदान, त्याला लाकडी कठडा. कठड्यापलीकडे मजल्यावर मजले आणि त्यात खच्चून भरलेले लोक, म्हणजे दरबारी मंडळी. वर भलंमोठं झुंबर. एका बाजूला वाजंत्री. मैदानाच्या मध्यभागी उंच टोपीवाला गोरा माणूस, हातात लांब चाबूक. हा इंग्रजांचा रेसिडेंट साहेब. त्याच्यामागे तोंडाला पांढरं फासलेला, चट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातला एकजण आहे, तो दरबारचा विदूषक, असं वडील सांगायचे. आणि कठड्याच्या कडेकडेनं धावणारा पांढरा घोडा. त्याच्या पाठीवर, एका पायाच्या चवड्यावर, उभे आमचे भुजंगराव.

भुजंगरावांचा चेहरा मात्र मी कधी पाहिलेला नाही. माझ्या वडिलांनीही नाही. त्याला कारण आमची खंडेनवमी. त्या दिवशी बाकीची घरं शस्त्रं पुजतात, आम्ही पाटावर ती रिकीब, स्वाराचा पाय ठेवायची कडी, आणि हे चित्र ठेवतो. घोड्याच्या कपाळाला कुंकू घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषानं लावायचं, आणि स्वाराला हळद-कुंकू घरच्या सुनेनं वाहायचं. पिढ्यान्‌पिढ्या वाहून वाहून कमरेपासून वर नुसतं लाल-पिवळं ढेकूळ झालंय. खाली घेरदार अंगरखा दिसतो, भरलेल्या पोटऱ्या दिसतात आणि पायात मऊ चढाव. तो तोल पाहावा! इतकी वर्षं मुलांना कवायत शिकवली, असा तोल एकातही दिसला नाही.

आरती झाली की आम्ही पुरुष बाहेर येतो. मग बायका दार लोटून घेतात, खण-नारळ वगैरे ठेवतात. त्यात आपण कधी लक्ष घातलं नाही.

तर मोहीम अशी. चित्र साफ करून घ्यायचं, चेहरा उघडा करायचा, आणि खाली भुजंगरावांचं नाव लावून प्रदर्शनात टांगायचं. आमच्या घराण्याचं नाक लपत नाही. एकदा ते नाक दिसलं की मानाजीरावांचं तोंड बंद.

७ ऑगस्ट

वनजाला सांगितलं. वाटलं होतं खूश होईल.

"साफ कशाला?" ती म्हणाली. "इतकी वर्षं आहे तसंच आहे की. सुम्ने, उगाच त्याला हात लावू नका."

"अगं, चेहरा दिसायला नको?"

"कुणाला दिसायला?"

आता याला काय उत्तर द्यायचं? भाबडी आहे. देवघरातली वस्तू हलवायची म्हटलं की तिला धसका बसतो. पण मीही मागे हटणारा नाही.

माझी घाई का, ते तिला कसं सांगू? नुसता मानाजीरावांचा राग नाही तो. माझ्यानंतर घोड्याला कुंकू लावायला कोण आहे? शरत माझा एकुलता एक मुलगा, आठवडाभर बेंगळुरात कंपनीत, शनिवार-रविवार इथं. लहानपणी टांग्याच्या घोड्यानं त्याची टोपी खाल्ली, तेव्हापासून घोडा दिसला की तो रस्ता ओलांडतो. त्याची मुलगी सहाना, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. हुशार आहे, चपळ आहे, पण मुलगी. मे महिन्यात तिनं घोडेस्वारी शिकायचं काढलं होतं. मी एका वाक्यात सांगितलं, आपल्या घरातल्या मुली घोड्यावर बसत नाहीत. पोर शहाणी, पुन्हा विषय काढला नाही.

म्हणजे माझ्याबरोबर हे संपणार. संपण्याआधी निदान एकदा तरी आमच्या माणसाचं नाव भिंतीवर लागलेलं मला पाहायचंय.

१० ऑगस्ट

वनजा वळली! काल संध्याकाळी स्वयंपाकघरात ती, सून यशस्विनी आणि सहाना, तिघींचं बराच वेळ कुजबुज कुजबुज चाललं होतं. मी गेलो तर तिघी शेंगा सोलत होत्या. आज सकाळी कॉफी देताना वनजा आपणहून म्हणाली, "करा साफ. पण कुणाच्याही हातात देऊ नका. देवराज मोहल्ल्यात शामसुंदररावांचं फ्रेमचं दुकान आहे बघा, त्यांची पूजिता जुने कागद दुरुस्त करायचं शिकून आलीय. तिलाच द्या."

शांतपणे समजावून सांगितलं की बायकांना पटतं.

१४ ऑगस्ट

चित्र पोचवलं. शामसुंदरराव भावसार, आजोबांच्या काळात त्यांचं घर लुगडी छापायचं. आता पुढे फ्रेमचं दुकान आणि मागच्या खोलीत मुलीचं काम. पूजितानं चित्र टेबलावर ठेवलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ तो चवड्यावरचा पाय बघत राहिली.

"सर, कुणाचं चित्र म्हणालात?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण नजर पायावरच.

"पूर्ण साफ करू? अगदी पूर्ण?"

"पूर्ण. वेळ लागू दे."

"आणि आंटींना चालेल?"

"आंटींनीच तुझं नाव सुचवलं."

"आँ?" तिनं भिंग खाली ठेवलं आणि हसली. "मग सरी, करते."

आधी कोरडा ब्रश, मग मऊ रबर, मग ओलसर कापसाचा बोळा, एका वेळी नखाएवढी जागा. घोड्यापासून सुरुवात करणार. काम नीट समजावून सांगते. मला शिस्तीची माणसं आवडतात.

२३ ऑगस्ट, शनिवार

सहानाची काळजी वाटते. शनिवार-रविवार पहाटे कॉम्प्युटरच्या क्लासला जाते, शरत सोडून येतो. परत येते ती उन्हानं लाल होऊन. त्या क्लासला छप्पर नाही की काय? शिवाय हल्ली पाय फाकवून चालते. मी कवायतीचा माणूस, माझ्या नजरेतून चाल सुटत नाही. यशस्विनीला म्हटलं, पोरीच्या हाडांत कॅल्शियम कमी पडतंय, नाचणी द्या, दूध द्या.

"देते मामंजी," म्हणाली, आणि पदर तोंडाशी धरून आत गेली. सर्दी झाली असावी.

फ्रिजमध्ये गाजरं टिकत नाहीत. आणखी एक गोष्ट, हसण्यासारखी आहे पण लिहितो. चित्र घराबाहेर गेल्यापासून कधीकधी घरात घोड्याचा वास येतो. भुजंगराव प्रसन्न असावेत.

आज सहाना माझ्याजवळ बसली आणि देवघरातली रिकीब हातात घेऊन म्हणाली, "अज्जा, यात पाय फुल घालायचा, की अर्धा?"

किती दिवसांनी कुणी विचारलं! मी खुर्चीवर उशी बांधून दाखवलं. फक्त चवडा आत. टाच खाली. पाठ ताठ. नजर समोर, घोड्याच्या कानांमधून पलीकडे.

"आणि चढताना रिकीब कोण धरणार?"

"ते मोतद्दाराचं काम, घोडा सांभाळणाऱ्याचं. स्वारानं कधी कुणाची रिकीब धरायची नाही. आपल्या घरात कुणी धरली नाही."

तिनं मान डोलावली. मुलगा असती तर, असं मनात आलंच.

२ सप्टेंबर

चित्राखाली लावायचा मजकूर नरसिंहमूर्तींना सांगितला. 'श्री. भुजंगराव, म्हैसूर घोडदळ, दरबारासमोर घोड्यावर उभे राहून कसरत करताना.' माझ्या मोबाईलमधला फोटो ते मोठा करकरून बघत होते.

"मेष्ट्रे," ते मला असंच, कानडीत मास्तर म्हणून हाक मारतात, "हा दरबार का? आपल्याकडं असं गोल मैदान कुठं होतं? तेही छपराखाली?"

"असेल जुन्या राजवाड्यात. तो जळालाच की."

"आणि हा विदूषक साहेबाच्या पाठीमागं नाचतोय?"

"दरबार म्हटला की विदूषक आलाच."

त्यांनी बोटानं कपाळावरचं नाम सारखं केलं. मग लिहून घेत म्हणाले, "आयतु, ठीक. तुमच्या शब्दावर लिहितो."

माझ्या शब्दावर म्हणजे शिक्कामोर्तबच.

९ सप्टेंबर

दुपारी पूजिताचा फोन. "सर, स्वल्प येऊन बघता का?"

गेलो. घोडा लख्ख झालाय. त्याच्या मानेवर निळ्या पिसांचा तुरा होता, आम्हाला माहीतच नव्हतं. मग तिनं दिवा वर सरकवला.

अंगरखा नव्हे तो. कमरेशी चिमटलेला, गुलाबी फितीचा, गुडघ्यापर्यंतचा घागरा आहे. वर घट्ट चोळी. उघडे खांदे. गळ्यात मोत्यांचा एक सर.

मी म्हणालो, "मोती पूर्वी पुरुषही घालायचे."

"हो सर."

"खांदे उघडे, कारण उकाडा."

"हं."

"कंबर बारीकच असते चांगल्या स्वाराची."

बोलली असती तर मी भांडलो असतो. चेहऱ्यावरचं कुंकू तेवढं शिल्लक होतं. तिनं नवा बोळा भिजवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"थांब," मी म्हणालो. "चेहरा राहू दे."

तिनं बोळा बशीत ठेवला. मी चप्पल उलटसुलट घालून बाहेर पडलो. मार्केटात शेवंतीचे ढीग लागले होते, त्यातून कसा घरी आलो ते आठवत नाही.

१० सप्टेंबर

जेवण गेलं नाही. वनजानं दोनदा विचारलं, पित्त झालंय म्हटलं.

तिला कसं सांगू? लग्न होऊन या घरात आल्यापासून ती दर खंडेनवमीला नेमानं त्या स्वाराला हळद-कुंकू वाहते. मूळ पुरुष म्हणून. तिला कळलं तर काय वाटेल तिला? आधीच रक्तदाब.

आणि प्रदर्शन? एक वाट दिसते. चेहऱ्यावरचं कुंकू तसंच ठेवायचं. धर्माची गोष्ट आहे, पुसू दिलं नाही, असं सांगायचं. वर काळजीपूर्वक एक हार घालायचा, खांदे झाकतील. मजकूर तसाच राहील. मानाजीरावांना काय कळणार? पूजिता बोलणाऱ्यातली नाही.

दिवसभर त्या हाराचा विचार करत होतो. झेंडूचा की शेवंतीचा, इथपर्यंत पोचलो. मग संध्याकाळी समोरच्या मैदानावर पोरं खो-खो खेळत होती, त्यातला एक रेषेबाहेर जाऊन गुपचूप आत आला, आणि मी गॅलरीतून ओरडलो, "ए, बाहेर!" पंचानं पाहिलं नसलं तरी बाहेर म्हणजे बाहेर, हे जन्मभर शिकवलं. ओरडून झाल्यावर माझीच मला लाज वाटली.

पूजिताला फोन केला. "चेहरा साफ कर," म्हटलं.

१२ सप्टेंबर

पाहिलं.

सहानाच्या वयाची पोर आहे. हनुवटी वर, केस मागे घट्ट बांधलेले. ओठ थोडे उघडे, श्वास घेताना असतात तसे. एवढे लोक भोवती माना उंचावून बसलेत, पण तिचं कुणाकडं लक्ष नाही. समोर बघतेय, घोड्याच्या कानांमधून पलीकडे. गालावर लाली राहिलीय. पूजिता म्हणाली, तेवढं कुंकू कागदानं पिऊन टाकलंय, ते आता निघायचं नाही.

बाकीचंही तिनं नीट सांगितलं. हा दरबार नाही. विलायतेत घोड्यांची सर्कस नवी नवी निघाली, त्या काळातलं तिथलं हे गोल रिंगण. झुंबराखाली रोज घोडी धावायची, आणि त्यावर उभं राहणाऱ्या बाया बघायला गाव लोटायचं. माझा रेसिडेंट साहेब म्हणजे घोडा फिरवणारा सर्कसवाला. विदूषक तेवढा विदूषकच निघाला.

नाक आमचं नाही. लहानसं आहे, शेंड्याला किंचित वर गेलेलं.

वाईट वाटलं. नाही म्हणणार नाही. पण ती पोर घोड्यावर उभी आहे ती नुसती बघत राहावी अशी, हेही खरं.

उद्या वनजाला सांगायचं. आता टाळणं नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

ती तांदळाची अक्की रोट्टी थापत होती. मी आधी गॅस बंद केला. तिला स्टुलावर बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला.

"वनजा, मन घट्ट कर."

"काय झालं? शरत बरा आहे ना?"

"शरत बरा आहे. चित्र साफ झालं. त्यात... आपले भुजंगराव... बाई आहेत."

ती पाणी प्यायली. तिनं पेला ओट्यावर ठेवला.

"मग?" ती म्हणाली. "खण-नारळानं ओटी काय पुरुषाची भरतात होय?"

इतकी वर्षं ते लोटलेलं दार माझ्या डोळ्यांसमोर होतं. खण, नारळ, तांदूळ, हळद आणि कुंकू दोन्ही. नवरात्रात देवीची भरतात तशी ओटी. जगातल्या कुठल्याही मराठी माणसाला कळलं असतं. मी दाराबाहेर बसून प्रसादाची वाट बघत होतो.

मग तिनं सांगितलं. भुजंगराव स्वतःच्या घोड्यानिशी चाकरी करत, तेव्हाची रीतच तशी. हजेरीच्या दिवशी घोडा उभा राहिला नाही की नाव कटलं. ते तापानं गेले, मुलगा पाळण्यात. तेव्हा त्यांची बायको तुंगाबाई स्वतः घोड्यावर बसली आणि सरगूरहून म्हैसूरपर्यंत आली, हजेरीच्या रांगेत घोडा उभा केला. घराची चाकरी राहिली, तिच्या मुलाला पुढं मिळाली. कुणा साहेबाच्या मडमेनं तिला त्या रांगेत पाहिलं. तिनं हे चित्र आणून दिलं, आमच्याकडंही तुझ्यासारख्या आहेत म्हणून.

"सासूबाईंनी मला सांगितलं. मी यशस्विनीला. यशस्विनीनं सहानाला."

"आणि आम्हाला?"

"पुरुषांना भुजंगराव हवे होते. असू देत म्हटलं सगळ्यांनी. हळद-कुंकू पोचायचं तिलाच पोचत होतं."

"मग आता साफ करू का दिलंस?"

"सहाना म्हणाली, अज्जांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. तुम्हाला सांगून कधी पटलंय काही?"

राग आला. फार आला. कुणाचा ते कळेना, म्हणून विचारलं, "सहाना कुठाय?"

"क्लासला."

"कसल्या क्लासला?"

वनजानं हाताचं पीठ पुसलं. "घोड्याच्या. जूनपासून. तुमचा लेकच सोडतो की. गेटबाहेरच थांबतो तो, आत जात नाही."

गाजरं. वास. फाकवलेले पाय. रिकीब. मी, ज्याच्या नजरेतून चाल सुटत नाही!

दुपारी कुणाशी बोललो नाही. रोट्टी मात्र खाल्ली, भूक लागली होती.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी शरतच्या गाडीमागून रिक्षा केली. ललितमहालाच्या वाटेवर आत एक घोडेस्वारीची शाळा आहे. मी कुंपणाशी, पावसाळी झाडाच्या बुंध्याआड उभा राहिलो.

गोल रिंगण. लाकडी कठडा. मध्ये लांब चाबूक घेतलेला शिकवणारा. आणि कडेकडेनं पांढरी घोडी धावतेय, तिच्यावर आमची सहाना. चित्रच होतं ते, फक्त झुंबर नव्हतं.

वळणावर पाठ वाकवत होती. हात शिट्टीकडे गेला, आवरला. तेवढ्यात घोडी बिचकली आणि पोर खाली. मी कुंपणाची तार घट्ट धरली. माझ्या शाळेत किती मुलं पडली, कधी श्वास अडकला नव्हता. ती उठली, मांडी चोळली, घोडीच्या मानेवर थोपटलं, आणि पुन्हा चढली. कुणाकडं पाहिलंसुद्धा नाही.

मला रडू आलं. खरंखरं, नाक पुसावं लागेल असं. माझ्यानंतर कोण, म्हणून मी कागदावर नाक शोधत होतो, आणि घरातला स्वार कॉम्प्युटरच्या क्लासला जातोय असं समजत होतो.

ती उतरायच्या आत परत आलो. घरी काही बोललो नाही. आधी एक काम उरकायचं होतं.

२० सप्टेंबर, शनिवार

बैठक. चित्र घेऊन गेलो, नव्या फ्रेममध्ये. सगळे जमेपर्यंत थांबलो. हे एकट्या नरसिंहमूर्तींच्या कानात सांगून भागलं असतं, पण हसले सगळे होते, तेव्हा ऐकायलाही सगळे हवे.

"माझ्याकडून चूक झाली," मी उभा राहून म्हणालो. "हे भुजंगराव नाहीत. विलायतेतल्या सर्कशीतली बाई आहे."

मानाजीराव मांडी थोपटून हसले. "म्हंजे स्वारबी गेला! ऱ्हायली ती रिकीबच."

"स्वार आहे. तुंगाबाई." आणि मग सगळं सांगितलं. हजेरीची रांग, मडम, खण-नारळ. सांगताना आवाज वर चढला, मैदानावर चढतो तसा.

नरसिंहमूर्तींनी चष्मा काढला. "मेष्ट्रे, कथा सुंदर आहे. पण पुरावा?"

"घरच्या सुनांचा शब्द."

"म्हणजे पुरावा इल्ला."

"भुजंगरावांना कुठला पुरावा मागितला होता तुम्ही? माझ्या शब्दावर लिहून घेतलंत ना? तो शब्द खोटा होता. हा आमच्यापेक्षा जुना आहे, आणि एकीनंही बदललेला नाही."

मी मानाजीरावांच्या टोमण्याची वाट बघत होतो. ते चित्राजवळ गेले, वाकून त्या पोरीचा चेहरा बघू लागले.

"आमची आई," ते हळूच म्हणाले, "लगीन करून आली तवा तुमच्या घरी आली होती. ह्या चित्राला खण ठेवला म्हणून आमच्या आप्पानं इचारलं, गड्याला खण कशाला ठेवतीस? ती नुसती हसली बघ." मग नरसिंहमूर्तींकडं वळून, "लिवा की सर. सरगूरची तुंगाबाई, असं लिवा. सरगूर पैलं लिवा."

मजकूर बदलला. विलायती सर्कशीतली घोडेस्वार, सरगूरच्या तुंगाबाईंना मिळालेली भेट, घरच्या सुनांनी जपलेली. त्यांच्या सांगण्यावरून, असंही शेवटी टाकलंय. तेवढं नरसिंहमूर्तींचं ऐकलं.

संध्याकाळी सहानाला म्हणालो, "वळणावर पाठ वाकते तुझी."

ती पांढरीफटक पडली. मग म्हणाली, "पुढच्या वीकला बघा, वाकणार नाही."

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

गावभर झेंडू आणि फुटलेले कोहळे. बस, सायकली, गिरण्या, सगळ्यांना हार. चित्र प्रदर्शनात, म्हणून पाटावर नुसती रिकीब. मी कुंकवाची कोयरी घेऊन बसलो आणि हात जागीच राहिला. घोडाच नव्हता लावायला.

"उठा," वनजा म्हणाली. "घोडा तिथं आहे, आपण इथं काय करतोय?"

सगळे शरतच्या गाडीत बसून त्या शाळेत गेलो. तिथंही पूजा चालली होती, घोड्यांच्या गळ्यात माळा. सहानाच्या घोडीचं नाव मल्लिगे. शरत गेटाशी थांबला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, दहाबारा पावलं आत आला आणि टोपी काढून पाठीमागं धरली.

मी मल्लिगेच्या कपाळाला कुंकू लावलं. गरम होतं कपाळ. कागदाच्या घोड्याला जन्मभर लावत आलो, त्यानं कधी माझ्या बाहीवर नाक घासलं नव्हतं.

मग वनजा आणि यशस्विनी पुढं झाल्या. सहानाला हळद-कुंकू लावलं, खण-नारळ दिला. या वेळी दार लोटलं नव्हतं, लोटायला दारच नव्हतं. मी सगळं पाहिलं. नारळ ठेवायला तिच्या कपड्यांत जागा नव्हती, म्हणून तो शरतनं धरला.

मोतद्दार रिकीब धरायला आला. मी त्याला म्हणालो, "स्वल्प सरका."

वाकलो. गुडघ्यानं कुरकूर केली, करू दे. रिकीब दोन्ही हातांनी धरली.

"अज्जा, बेडा! नको!" सहाना दचकली. "तुम्हीच म्हणालात ना, आपल्या घरात कुणी..."

"चढ."

तिचा बूट माझ्या बोटांना लागला आणि ती वर गेली. खालून बघताना ऊन डोळ्यांवर आलं, चेहरा दिसला नाही, नुसतं कपाळावरचं कुंकू.

"टाच?" तिनं विचारलं.

"खाली. पाठ ताठ. आमच्याकडं बघू नको, समोर बघ."

खिशातून शिट्टी काढली आणि वाजवली. मल्लिगे निघाली.